शिरेंतून दिली जाणारी भूल : शेतकरी कुटुंबानें डॉक्टरास काय सांगावें

मार्गशीर्ष-पौषांत धानाची मळणी उरकते, माल बाजारांत जातो, हातांत चार पैसे येतात, आणि मग वर्षभर पुढें ढकललेलीं घरांतील दुखणीं आठवूं लागतात. कोणाची अंडवृद्धि, कोणाचा हर्निया, कोणाच्या पित्ताशयांतील खडे, कोणाच्या घरीं गर्भाशयाचें जुनें दुखणें. आपल्या गोंदिया जिल्ह्यांत शस्त्रक्रियांचा हंगाम हा असा धानाच्या हंगामापाठोपाठ येतो.

गेल्या पौषांत आमचे एक सभासद संघाच्या कचेरींत आले ते रागानें लाल होऊनच. वडिलांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली होती. सालेकसा भागांतील आपल्या गांवाहून भाड्याची गाडी करून ते आदल्या दिवशीं शहरांत गेले, रात्रीं नातलगांकडे राहिले, आणि सकाळीं आठ वाजतां डॉक्टरानें शस्त्रक्रिया रद्द करून त्यांस परत पाठविलें. कारण काय, तर म्हातारबुवांनीं सहा वाजतां अर्धा कप चहा घेतला होता. "अर्ध्या कप चहापायीं दोन दिवस आणि गाडीभाडें पाण्यांत गेलें," असें त्यांचें म्हणणें. आम्हीं त्यांस विचारलें कीं, तुम्हांस आधीं काय सांगितलें होतें? "उपाशी या, एवढेंच." आतां आपल्या घरांत एकादशीच्या उपासालाही चहा चालतो, तेव्हां उपाशी या शब्दाचा अर्थ म्हाताऱ्यानें आपल्या रीतीनें लावला यांत नवल नाहीं. परत पाठविणाऱ्या डॉक्टराचा निर्णय अगदीं बरोबर होता. मात्र ज्यांनीं एका शब्दांत सूचना आटोपली त्यांनीं दोन वाक्यें अधिक बोलावयास हवीं होतीं. तीं वाक्यें आम्ही येथें लिहीत आहों, आणि त्यांच्या जोडीला आपल्याच मुलुखाशीं संबंध असलेल्या आणखी कांहीं गोष्टी.

हल्लीं पूर्ण भूल द्यावयाची असली म्हणजे बहुतेक ठिकाणीं प्रथम हाताच्या शिरेंतून एक औषध देतात. त्याचें नांव प्रोपोफॉल. हर्निया, अंडवृद्धि यांसारख्या कंबरेखालच्या शस्त्रक्रिया पुष्कळदां पाठीच्या कण्यांत सुई देऊन होतात, तेथें याची गरज लागतेच असें नाहीं. परंतु पोटाच्या वरच्या भागाचें, गळ्याचें, छातीचें काम निघालें कीं बहुधा पूर्ण भूल आलीच. हें औषध दिसावयास हुबेहूब दुधासारखें पांढरें असतें. आमच्या वाचकांस कौतुक वाटेल अशी गोष्ट ही कीं, याचा शोध लावणारा गृहस्थ गुरांचा डॉक्टर होता. स्कॉटलंडांतील ग्लासगो येथें पशुवैद्यक शिकलेले जॉन ग्लेन हे जनावरांस भूल देण्याच्या शास्त्रांतले जाणकार. ते इंग्लंडांतील आय.सी.आय. या मोठ्या रसायन कंपनींत गेले व १९७३ सालीं त्यांस या द्रव्याचा भुलीचा गुण आढळला. तत्पूर्वीं १९३४ पासून थायोपेंटल नांवाचें औषध शिरेंतून देत असत. त्यानें माणूस झोपे, पण जागा झाल्यावर तासन्‌तास गुंगींत राही. नवें औषध लवकर चढे आणि लवकर उतरे. अडचण एवढीच कीं तें पाण्यांत विरघळत नाहीं. पहिल्यानें ज्या द्रवांत तें मिसळलें त्यानें कांहीं रुग्णांस अकस्मात् अपाय होऊं लागला, म्हणून तें मागें घ्यावें लागलें. शेवटीं सोयाबीनचें तेल व अंड्याच्या बलकांतील लेसिथिन घेऊन त्याचें दुधासारखें मिश्रण केलें, आणि १९८६ सालीं तें बाजारांत आलें. नेहमींच्या शंभर मिलिलिटर औषधांत एक ग्रॅम प्रोपोफॉल, दहा ग्रॅम सोयाबीन तेल आणि सव्वा ग्रॅमच्या आंत लेसिथिन असतें. विदर्भाच्या शेतांत जें पिकतें तेंच येथें औषधाचें वाहन झालें आहे. ग्लेन यांस २०१८ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें.

औषध शिरेंत गेल्यापासून अर्ध्या-पाऊण मिनिटांत माणूस झोपतो. एका मात्रेचा अंमल पांच-दहा मिनिटें टिकतो. म्हणून शस्त्रक्रिया लांब असेल तर तेंच थेंबाथेंबानें चालूं ठेवतात, किंवा श्वासावाटे दुसरी भूल देतात. वीस मिलिलिटरच्या एका कुपींत दोनशे मिलिग्रॅम असतें, आणि साठ किलो वजनाच्या धडधाकट तरुणास झोपविण्यास त्यांतील बराचसा भाग लागतो. पण तोच आंकडा अशक्त म्हाताऱ्यास लावला तर प्राणावर बेतेल. त्यास फार कमी मात्रा, आणि तीही सावकाश द्यावी लागते. कारण हें औषध केवळ झोप आणीत नाहीं. तें रक्ताचा दाब उतरवितें, श्वास मंद करतें, आणि पुष्कळदां कांहीं वेळ बंदच पाडतें. घशांत कांहीं गेलें तर ठसका लागून तें बाहेर पडावें ही जी देहाची रखवाली, तीही तें झोपवितें. सर्पदंशावर जशी प्रतिविषाची लस आहे तसा याला उतारा नाहीं. अंमल आपोआप ओसरेपर्यंत दुसऱ्यानें त्या माणसाचा श्वास चालविणें हाच उपाय. ज्याला हें काम येतें, ज्याच्या हाताशीं प्राणवायु, फुगा, नळी, घसा साफ करण्याचें यंत्र आणि बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर आहे, त्याच्या हातीं हें औषध फार चांगलें आहे. ऑक्सिमीटर तर २०२०-२१ च्या साथीपासून खेड्यापाड्यांतही ओळखीचा झाला आहे.

आतां चहाची गोष्ट. बैलाला शस्त्रक्रियेसाठीं आडवा पाडावयाचा असला तर पशुवैद्य एक दिवस आधींपासून वैरण तोडावयास सांगतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. पोटांतील चारा तोंडांत उलटून श्वासनलिकेंत गेला तर जनावर दगावतें. माणूस रवंथ करीत नसला तरी भुलीच्या अंमलाखालीं त्याच्या पोटांतलें अन्न तसेंच वर येऊं शकतें, आणि ठसका झोपलेला असल्यानें फुप्फुसांत उतरतें. पोटांतील आम्ल फुप्फुसास जाळतें. यासाठीं नियम असा आहे : मांस किंवा तळलेलें जेवण आठ तास आधीं बंद, साधें हलकें जेवण सहा तास आधीं बंद, आणि दूध, दूध घातलेला चहा, पेज, आंबील हीं सर्व अन्नांतच मोडतात, तींही सहा तास आधीं बंद. अंगावर पिणाऱ्या मुलास आईचें दूध चार तास आधींपर्यंत चालतें. निव्वळ पाणी मात्र दोन तास आधींपर्यंत घेतां येतें. कित्येक घरांत याच्या उलट अतिरेक होतो. रात्रीं आठपासून दुसऱ्या दुपारपर्यंत म्हाताऱ्यास पाण्याचा थेंब देत नाहींत. तोही अपायच आहे, कारण अंगांतील पाणी कमी झालेल्या माणसाचा रक्तदाब हें औषध अधिक खालीं आणतें. गरोदर बाई, मधुमेही, आंतडें अडकलेला रुग्ण यांचे नियम निराळे असतात. तेथें डॉक्टर सांगतील तेंच खरें. चूक झालीच, तर ती लपवूं नये. शस्त्रक्रिया पुढें गेल्याचें नुकसान गाडीभाड्याइतकें, लपविल्याचें नुकसान मोजतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट खर्ऱ्याची, आणि तिच्यासंबंधीं आम्ही थोडें विस्तारानें लिहितों, कारण ती आपल्या पूर्व विदर्भाची खास व्याधि आहे. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत लहानथोर, बायाबापुडीं सर्व खातात. राज्य सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, परंतु खर्रा घोटणारे हात थांबले नाहींत. यांतील सुपारीनें गालाच्या आंतील कातडी हळूहळू पांढुरकी, चिवट व ताठ होत जाते. तिखट लागलें कीं तोंड भाजतें, आणि जबडा उघडेनासा होतो. खाणाऱ्यास हें कळतही नाहीं, कारण तो घांस लहान करीत जातो. भुलीशीं याचा संबंध असा : प्रोपोफॉल दिल्यावर श्वास बंद पडला कीं डॉक्टर तोंडांतून दिव्याचें उपकरण घालून श्वासनलिकेंत नळी बसवितो. तोंडच उघडत नसेल तर नळी जाणार कोठून? श्वास बंद, तोंड बंद, आणि हाताशीं मिनिटें थोडीं. भूल देणाऱ्यास याहून अवघड प्रसंग क्वचितच येत असेल.

हेंच आधीं कळलें तर अवघड राहत नाहीं. रुग्ण जागा असतांनाच नाकांतून लवचीक दुर्बिणीच्या साह्यानें नळी घालतां येते. किंवा शस्त्रक्रिया तशी असेल तर पाठींत सुई देऊन पूर्ण भूल टाळतां येते. ज्या लहान दवाखान्यांत ही सोय नाहीं तेथून रुग्णास मोठ्या रुग्णालयांत पाठवितां येतें. गोंदियास २०१६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून त्यासाठीं दर वेळीं नागपूर गांठावेंच लागतें असें नाहीं. यासाठीं घरच्या घरीं एक परीक्षा करावी. तोंड होईल तितकें उघडून वरच्या व खालच्या पुढील दांतांमध्यें आपलीं तीन बोटें एकावर एक उभीं घालून पाहावीं. तीन बोटें गेलीं तर ठीक; दोनच गेलीं किंवा तींही जाईनात, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वींच डॉक्टरास सांगावें. दुसरें असें कीं, वडिलांदेखत किंवा सासूसासऱ्यांदेखत "खर्रा खातां काय?" असें विचारलें कीं तरुण मुलें व सुना हटकून "नाहीं" म्हणतात. हा प्रश्न एकांतांत विचारावा अशी आमची डॉक्टर मंडळींस विनंति आहे, आणि तेथें खरें बोलावें अशी वाचकांस. शस्त्रक्रियेच्या सकाळीं गालांत पुडी ठेवून येणाराही आम्हांस ठाऊक आहे. ती पुडी घशांत उतरूं शकते हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें.

सिकलसेलचा आजार हीही आपल्याच भागाची गोष्ट. या आजारांत रक्तांतील तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडला कीं विळ्यासारख्या वांकड्या होतात व बारीक शिरांत अडकून बसतात. मग हाडें, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. भारतांत हा रोग प्रथम १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगराळ भागांत आढळला, आणि पुढें विदर्भांतही त्याचें मोठें प्रमाण दिसून आलें. अशा रुग्णास भूल देतांच येत नाहीं असा एक गैरसमज खेड्यांत आहे. तो खोटा आहे. त्यास प्रोपोफॉलही देतां येतें. परंतु त्याचा प्राणवायु क्षणभरही घसरूं द्यावयाचा नसतो, अंग थंड पडूं द्यावयाचें नसतें, आणि शरीर कोरडें पडूं द्यावयाचें नसतें. वर पाण्याविषयीं जें लिहिलें तें येथें दुप्पट लागू आहे : अशा रुग्णास बारा-चौदा तास तहानेला ठेवणें म्हणजे कळांना आमंत्रण होय. कांहींस शस्त्रक्रियेपूर्वीं रक्त द्यावें लागतें, त्याची तयारी आधींच व्हावयास पाहिजे. नुसता वाहक असेल तर धोका पुष्कळच कमी, तरीही सांगावें. २०२३ सालीं केंद्र सरकारनें सिकलसेल निर्मूलनाचें राष्ट्रीय अभियान सुरू केलें, त्यांत तपासणी झालेल्यांस कार्डें मिळतात. तें कार्ड मुलीच्या लग्नाच्या भीतीनें पेटींत दडवून ठेवलेलें आम्हीं पाहिलें आहे. लग्नाचा प्रश्न घरानें कसाही सोडवावा. दवाखान्यांत मात्र तें कार्ड वरच्या खिशांत असावें.

चौथी गोष्ट फवारणीची. तुडतुडे किंवा खोडकिडा आला कीं भाद्रपद-आश्विनांत धानावर औषध मारावें लागतें, आणि त्याच दिवसांत कोणाचें आंत्रपुच्छ सुजलें, कोणाची बाळंतीण अडली, तर शस्त्रक्रिया पौषापर्यंत थांबत नाहीं. क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस, प्रोफेनोफॉस अशा, म्हणजे पुष्कळदां नांवाच्या शेवटीं "फॉस" असलेल्या कीटकनाशकांचा एक वर्ग आहे. डायमेथोएट हें त्याच वर्गांतलें, जरी त्याच्या नांवांत तें अक्षर नाहीं. हीं विषें किड्याला मारतात तीं त्याच्या शरीरांतील कोलिनेस्टरेज नांवाचें द्रव्य निकामी करून. तेंच द्रव्य माणसाच्या रक्तांतही असतें, आणि तोंड न बांधतां, उघड्या अंगानें फवारणाऱ्याच्या रक्तांत तें घटत जातें. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, तें आपण विसरलों नसूं. पण जो दगावला नाहीं, ज्यास नुसतें डोकें दुखलें व मळमळलें, त्याच्याही रक्तांतील हा साठा भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात.

आतां शस्त्रक्रियागृहांत काय घडतें तें पाहा. प्रोपोफॉलनें झोपविल्यावर घाईच्या प्रसंगीं लगेच सक्सिनिलकोलिन नांवाचें स्नायु सैल करणारें औषध देतात, म्हणजे नळी चटकन बसते. एरवीं रक्तांतील याच द्रव्यामुळें तें पांच-दहा मिनिटांत नाहींसें होतें. तें द्रव्य कमी असेल तर सैलपणा तासन्‌तास टिकतो. झोपेचें औषध उतरलें तरी रुग्णास हात हलवितां येत नाहीं, कीं श्वास घेतां येत नाहीं. यंत्रावर ठेवावें लागतें, आणि बाहेर नातलग "भूल जास्त झाली" म्हणून हाकाटी करतात. भूल जास्त झालेली नसते. फवारणीची माहिती आंत पोंचलेली नसते. "गेल्या महिन्यांत अमुक औषध मारलें, अमुक दिवशीं चक्कर आली," एवढें सांगितलें तर डॉक्टर सक्सिनिलकोलिन टाळून दुसरें औषध योजूं शकतात. शक्य तर डब्यावरील नांव कागदावर उतरून न्यावें. "पांढऱ्या बाटलींतलें औषध" असें सांगून उपयोग होत नाहीं.

दम्याचा फुगा, रक्तदाबाच्या गोळ्या, दारू, पूर्वींच्या भुलीचा वाईट अनुभव, अंड्याची किंवा सोयाबीनची ॲलर्जी, हलणारे दांत व कवळी, हें सर्व सांगावयाचें तें आहेच. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्या बहुतेकांस हें औषध चालतें असें आतां दिसून आलें आहे, पण तो निर्णय डॉक्टराचा.

औषध दुधासारखें म्हटलें, तें आणखी एका अर्थानें खरें आहे. तेल व लेसिथिन हें जंतूंस उत्तम खाद्य आहे. उघड्या कुपींत जंतु गेले तर तासातासानें वाढतात, जसें न तापविलेलें दूध वैशाखांत नासतें. १९९० ते १९९३ या काळांत अमेरिकेंतील सात रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर रुग्णांस ताप व रक्तांतील जंतुदोष होऊं लागला. सरकारी तपासांत माग लागला तो याच औषधापर्यंत. एकच कुपी अनेकांस वापरणें, सुया तासन्‌तास आधीं भरून ठेवणें, हात न धुणें, असे दोष आढळले. म्हणून नियम असा कीं, एक कुपी एकाच रुग्णास, आणि फोडल्यावर सहा तासांत उरलेली फेंकून द्यावयाची. महाग औषध फेंकतांना जीव तुटतो हें आम्ही समजूं शकतों, पण ही काटकसर करण्याची जागा नव्हे. दर्जाचाही प्रश्न आहे. २०२२ सालीं चंदीगडच्या प्रसिद्ध सरकारी वैद्यकीय संस्थेंत हें औषध दिलेल्या कांहीं रुग्णांचे मृत्यु झाले, आणि औषधाचे नमुने तपासणींत दर्जास उतरले नाहींत.

पुष्कळ ठिकाणीं औषधें बाहेरून आणावयाची चिठ्ठी नातलगांच्या हातीं देतात. तशी वेळ आली तर परवानाधारक दुकानांतूनच घ्यावें, पक्की पावती घ्यावी, आणि पावतीवर बॅच क्रमांक उतरवून घ्यावा. आपल्याकडील वैशाखाच्या दुपारीं मोटारसायकलच्या डिकींत तें तासभर ठेवूं नये. तसेंच शहाणपण करून बर्फांतही घालूं नये, कारण गोठलें कीं मिश्रण फाटतें. कुपींत तेलाचा थर वेगळा दिसला तर ती वापरूं देऊं नये, परत करावी.

भूल कोण देणार, हें विचारण्यांत संकोच मानूं नये. ज्यानें भुलीच्या शास्त्राची पदवी किंवा पदविका घेतली आहे तो, आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत तो रुग्णाच्या उशाशीं राहणार काय, हे दोन प्रश्न पुरेत. कापणारा व भूल देणारा एकच माणूस असूं नये. आणि हें झोपेचें औषध म्हणून घरीं कोणीं देऊं पाहील, तर त्यास उंबरठ्याबाहेर काढावें. अमेरिकेंतील प्रसिद्ध गायक मायकेल जॅक्सन यास त्याचा खाजगी डॉक्टर झोप यावी म्हणून घरींच हें देत असे; २५ जून २००९ रोजीं तो त्यानेंच मेला, आणि २०११ सालीं त्या डॉक्टरास न्यायालयानें दोषी ठरविलें. औषध तेंच, पण श्वास सांभाळणारें कोणी उशाशीं नव्हतें.

शस्त्रक्रियेनंतरचें थोडें राहिलें. या औषधानें माणूस इतका ताजातवाना उठतो कीं आपणांस कांहीं झालेंच नाहीं असें त्यास वाटतें, आणि तेथेंच फसगत होते. चोवीस तासपर्यंत मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवूं नये, मळणीयंत्राजवळ जाऊं नये, विहिरीवरचा पंप सुरू करावयास जाऊं नये. त्या अवधींत खरेदीखत, कर्जाचा कागद, वांटणीपत्र यांवर सहीही करूं नये. हा सल्ला डॉक्टरांचा आहे, पण वकीलही तोच देतील.

आमच्या त्या सभासदांच्या वडिलांची शस्त्रक्रिया पुढें माघांत त्याच दवाखान्यांत झाली. या खेपेस मुलानें एका कागदावर सर्व लिहून नेलें होतें : रात्रीं आठला भाकरी, पहाटे पांचला पेलाभर पाणी, खर्रा तीस वर्षांचा, तोंडांत बोटें अडीच. भूल देणाऱ्या बाईंनीं तो कागद वाचून म्हाताऱ्याचें तोंड पुन्हां उघडून पाहिलें, बारीक नळी मागविली, आणि अर्धा तास उशिरा कामास आरंभ केला. संध्याकाळीं म्हातारबुवा उठून बसले, आणि दुसऱ्या सकाळींच सातबाऱ्याच्या फेरफाराची सही करावयास तलाठ्याकडे जाण्याचा हट्ट धरूं लागले. मुलानें तो परवावर ढकलला.